मशीनच्या आवाजात मास्कमधून बोललेलं कळतच नाही, कान चांगले असूनही. असं का होतं?

खुर्चीशेजारी

नमस्कार मंडळी. मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. डॉक्टरांच्या हातात सामान देणं, सक्शन म्हणजे तोंडातलं पाणी-थुंकी ओढून घेणारी नळी धरणं, ते सांगतील ते पेशंटच्या कार्डावर लिहिणं हे माझं काम. प्रॉब्लेम असा आहे की एअरोटर (दात कोरायचं मशीन) आणि सक्शन एकदम चालू असलं की सरांचं बोलणं मला ऐकू येतं पण कळत नाही. म्हणजे आवाज येतो, काहीतरी म्हणालेत हे नक्की समजतं, पण काय म्हणाले ते नाही. सर एन-९५ घालतात, कधी कधी त्यावर चेहऱ्यापुढची प्लास्टिकची शील्ड पण असते. मग दाताचा नंबर "टू सिक्स" म्हणाले का "थ्री सिक्स", फाइल (दाताच्या मुळातली नळी साफ करायची बारीक सुई) "फिफ्टीन" नंबरची मागितली का "फिफ्टी", मला खरंच वेगळं काढता येत नाही. अंदाजाने काही लिहायचं नाही आणि अंदाजाने काही द्यायचं नाही हे मी पक्कं ठरवलेलं आहे, कारण चुकीच्या दाताची नोंद म्हणजे साधी गोष्ट नाही, म्हणून मी परत विचारतेच, आणि दिवसभर परत परत विचारलं की समोरच्याचा आवाज चढतो, मग मला अजूनच कळेनासं होतं.

आता विशेष काय ते सांगते. मशीन बंद असताना सर मास्कमधून बोलले तर सगळं कळतं. आणि शेजारच्या खुर्चीवर सक्शन चालू असताना ते लांब उभं राहून मास्क काढून बोलले तरी कळतं. दोन्ही एकत्र आलं की संपलं. कानाची तपासणी करून घेतली, ती बंद खोलीत बारीक आवाज ऐकवून बटण दाबायला लावतात ती, सगळं नॉर्मल आलं. सोबतच्या एकीचं म्हणणं की तुझं लक्ष नसतं. लक्ष देऊन देऊन संध्याकाळी डोकं भणभणतं हो माझं.

मास्क काढता येणार नाही, मशीन बंद ठेवून काम होणार नाही. मग हे नेमकं कशामुळे होतं आणि यावर करता येण्यासारखं काय आहे, कुणी नीट सांगेल का?

आवाजाची_मोजदाद

ताई, लक्ष नसतं वगैरे आधी मनातून काढून टाका. मी ऑडिओलॉजीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचं काम करते आणि तुम्ही जे लिहिलंय ना, नुसता मास्क चालतो, नुसता गोंगाट चालतो, दोन्ही आले की संपलं, त्यातच उत्तर आहे.

बोलण्यात स्वर दणकट असतात. आ, ओ, ऊ यांची मुख्य ताकद खालच्या पट्टीत, साधारण १००० हर्ट्झपर्यंत. पण शब्द कुठला हे बरंचसं व्यंजनं ठरवतात आणि स, श, फ, थ, त यांना ओळखायची खूण असते वरच्या पट्टीत, २००० हर्ट्झच्या वर, स तर ४००० च्याही वर जातो, आणि हा भाग मुळातच कमी ताकदीचा. मास्क नेमका तोच खातो. साधा सर्जिकल मास्क वरच्या पट्टीतला आवाज ३-४ डेसिबलने उतरवतो, एन-९५ मध्ये ही घट १२ डेसिबलपर्यंत मोजली गेलेली आहे, आणि खालचा आवाज मात्र जवळपास जसाच्या तसा बाहेर येतो. म्हणून तर तुम्हाला ऐकू येतं पण कळत नाही, स्वर पोचतात, व्यंजनं वाटेत राहतात.

त्यात तुमचा एअरोटर. तो मोकळा फिरताना मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५००० ते साडेसहा हजार, आणि ती जी शीळ कानात घुसते ती त्याच पट्टीतली. सक्शनचा आवाज तर वरपासून खालपर्यंत सगळीकडे पसरलेला. म्हणजे मास्कमधून जे काही थोडं वरचं सुटून आलं, त्याच्या उरावर ही दोन मशीनं बसतात.

पण खरी मेख पुढे आहे. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नाइसली यांनी १९५५ मध्ये एक काम छापलं, त्यांनी इंग्रजी व्यंजनं गोंगाटात ऐकवून लोक कशाच्या जागी काय ऐकतात ते पाहिलं. निघालं असं की व्यंजन घोष आहे (गळा थरथरून निघणारं, जसं ब) का अघोष (तसं नसणारं, जसं प), नाकातलं आहे का नाही, हे बऱ्याच गोंगाटातही टिकतं. आधी जातं ते उच्चाराचं स्थान, म्हणजे ते ओठांवर झालं, दातांवर झालं का घशाकडे. मराठीत सांगायचं तर गोंगाटात "बाळ" आणि "माळ" यातला फरक कळतो, पण "बाळ" का "गाळ" यात गडबड होते.

आता आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता बाळ, माळ, पाळ म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात, बघून काहीच फरक कळणार नाही. मग गाळ म्हणा. ओठ मिटतच नाहीत, बघणाऱ्याला लगेच कळतं. म्हणजे कानातून जे निसटतं ते डोळ्यांना दिसतं, आणि डोळ्यांना जे दिसत नाही ते कानात टिकतं. ही वाटणी आपण जन्मभर वापरत असतो, ओठ वाचायला शिकलेलो नसलो तरी. सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं की गोंगाट जितका जास्त तितकी बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याची मदत मोठी. शांत खोलीत चेहरा झाकला तर फारसं बिघडत नाही, गोंगाटात झाकला तर हातचा आधारच जातो.

म्हणून सरांनी मास्क काढला की लांबूनही कळतं. आवाज थोडा सुधारला हे आहेच, पण मुख्य म्हणजे तुमचे डोळे परत कामाला लागले.

सरळमार्गी

एवढं कशाला, सरांना सांगा ना जोरात बोला म्हणून, प्रश्न मिटला. आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलतात आणि काम चालतं.

दोन्ही_कानांत_यंत्र

नाही हो, जोरात बोलून मिटत नाही हा प्रश्न, उलट बिघडतो. मी लहानपणापासून श्रवणयंत्र वापरतो, समोरचा ओरडायला लागला की मला शब्दांच्या जागी नुसते गोळे ऐकू येतात. ओरडताना माणूस स्वर ताणतो, "काऽऽय म्हणाऽऽलास" मधला आ मोठा होतो, क आणि म्हणा मधला म्ह तेवढेच राहतात किंवा त्या आ खाली दबून जातात. शिवाय तोंड वाकडं होतं, कपाळावर आठ्या येतात आणि मी त्याच्याकडे बघून काही समजून घ्यायच्या ऐवजी हा माझ्यावर चिडलाय एवढंच समजतो.

ताई, तुमचं संध्याकाळचं डोकं भणभणणं मला शंभर टक्के कळलं. ज्यांना सहज ऐकू येतं त्यांना हे सांगून पटत नाही. अर्धा शब्द मिळतो, उरलेला मागच्या-पुढच्या अर्थावरून लावायचा, तोवर पुढचं वाक्य येऊन गेलेलं असतं, मग ते लक्षात ठेवून आधीचं सोडवायचं. दिवसभर हेच. समजलं तरी दमवतं, आणि "समजलं ना, मग झालं" म्हणणाऱ्यांना ते दमणं दिसत नाही. सगळीकडे मास्क आले तेव्हा माझ्यासारख्यांचं बाहेरचं बोलणं जवळपास बंद पडलं होतं, घरी येऊन मी बोलण्याऐवजी आडवाच व्हायचो. वर मास्कचा रबर कानामागे यंत्राच्या शेजारीच बसतो, मास्क काढताना यंत्र ओढलं जाऊन जमिनीवर. डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा मास्क घ्यायला लागल्यापासून ते थांबलं, यंत्रवाल्या कुणाला उपयोग होईल म्हणून सांगून ठेवतो.

माझ्याशी बोलणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. आधी माझं लक्ष वेधा, नाव घ्या किंवा हात दाखवा, मग बोला. विषय आधी सांगा, "औषधाबद्दल सांगतोय" म्हणालात की माझं डोकं तेवढ्याच शब्दांत शोधतं. आणि एकदा नाही कळलं तर तेच वाक्य तसंच परत म्हणू नका, शब्द बदला, कारण जो शब्द पहिल्यांदा गळाला तो दुसऱ्यांदाही तिथंच गळतो.

आवाजाची_मोजदाद

वरच्या दादांनी फार नेमकं लिहिलंय. ओरडण्याबद्दल थोडी भर घालते. गोंगाटात आपला आवाज आपोआप चढतो, ठरवून नाही, याला लोम्बार परिणाम म्हणतात, एतियेन लोम्बार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ मध्ये ते लिहून ठेवलंय. म्हणजे तुमचे सर आधीच मोठ्याने बोलत असणार, त्यांना ते जाणवतही नसेल. मोठा आवाज काही प्रमाणात मदत करतो, खोटं कशाला सांगू. पण त्यापुढे जाऊन ओरडलं की स्वर वाढतात, व्यंजनं त्या मानाने मागे पडतात. त्यापेक्षा थोडं सावकाश, शब्दाशब्दात फट ठेवून, शेवटचं अक्षर न गिळता बोललं तर फरक जास्त पडतो. आपण फोनवर एखाद्याला अवघड नाव सांगताना जसं बोलतो तसं.

आणि अंतर. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींवरून परत येणारा आवाज असतो म्हणून पूर्ण ६ मिळत नाही, पण कान जवळ नेणं हा फुकटचा उपाय आहे. तुम्ही शेजारीच असता म्हणा, पण सर खाली वाकून पेशंटच्या तोंडाकडे बघत बोलतात, त्यांचा आवाज तिकडेच जातो. बोलताना मान नुसती तुमच्याकडे वळवली तरी वरच्या पट्टीतला आवाज जास्त पोचेल, तो सरळ रेषेत जाणारा असतो, खालचा कसाही वळून येतो.

खुर्चीशेजारी

खूप खूप आभार सगळ्यांचे. बाळ-गाळ आरशासमोर करून बघितलं, अगदी तसंच आहे!! आमच्या ताईंनाही करायला लावलं, आता त्या लक्ष नसतं म्हणत नाहीयेत.

दोन शंका. एक म्हणजे तपासणी नॉर्मल आली म्हणजे कान नक्की चांगलेच असं समजू ना? आणि ते पारदर्शक खिडकीचे मास्क मिळतात, ओठ दिसतात त्यातून, ते सरांना सुचवू का?

आवाजाची_मोजदाद

तपासणीचं आधी. तुम्ही केलीत ती शुद्ध सुरांची तपासणी, शांत खोलीत सगळ्यात बारीक आवाज कितीपर्यंत ऐकू येतो हे ती सांगते. गोंगाटात बोलणं कितपत कळतं हे ती सांगतच नाही, ते वेगळं कसब आहे. त्यासाठी गोंगाटात वाक्यं किंवा शब्द ऐकवून करायची वेगळी तपासणी असते, ऑडिओलॉजिस्टकडे मागून घ्यावी लागते. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजाने कानाची बारीक आवाज ऐकायची क्षमता परत आल्यावरही आतल्या पेशी आणि मज्जातंतू यांचे काही जोड कायमचे गेलेले असू शकतात. माणसांत हे नेमकं किती घडतं यावर अजून वाद चालू आहेत, त्यामुळे मला तेच झालंय असं लगेच समजू नका.

तुमच्या बाबतीत मी असं बघेन. मास्क नसलेल्या माणसांशी गर्दीत बोलताना, चार जण एकदम बोलत असताना, तुम्हाला सोबतच्यांपेक्षा जास्त अडतं का? अडत असेल तर ती तपासणी करून घ्या. नाही अडत, फक्त खुर्चीशेजारीच अडतं, तर दोष परिस्थितीचा आहे, चांगल्या कानालाही ती जड जाते. चाळिशी-पन्नाशीनंतर वरच्या पट्टीपासून ऐकणं उतरायला लागतं, तेव्हा तर अशा ठिकाणी जास्तच. आणि जी भाषा आपण रोज बोलत नाही तिच्यातलं बोलणं गोंगाटात आधी हरवतं, तुमचे आकडे इंग्रजीत असतात हेही लक्षात घ्या.

पारदर्शक मास्कचं म्हणाल तर देणं-घेणं आहे. २०२० मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी वेगवेगळे मास्क पुतळ्याच्या तोंडावर आणि माणसाच्या तोंडावर लावून मोजले, त्यात प्लास्टिकची खिडकी असलेले मास्क आणि शील्ड यांनी वरचा आवाज सर्जिकल मास्कपेक्षा बराच जास्त अडवला. ओठ दिसतात पण आवाज अजून उतरतो. ओठ वाचणाऱ्या माणसाला तो सौदा परवडतो, वरच्या दादांसारख्यांना. तुम्हाला मात्र सर वाकलेले असताना ओठ दिसणारच नाहीत, मग नुसता तोटाच. आणि दातांच्या कामात तुषार उडतात, तिथे संसर्गापासून बचाव कमी करणारा कुठलाही बदल ऐकण्यासाठी करू नका. एन-९५ राहू दे. शील्ड ज्या कामाला गरजेची नाही तिथे निदान सूचना देताना ती वर करता येते का एवढं विचारा.

त्याच मोजमापात एक कामाची गोष्ट निघाली होती, कॉलरला लावलेल्या छोट्या माइकवर मास्कचा फारसा परिणाम होत नाही, कारण मास्क आवाज पूर्ण गिळत नाही, समोरून अडवून खाली आणि बाजूला पसरवतो. दवाखान्यात माइक जरा जास्तच वाटेल, पण वर्गात शिकवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

शॉप_फ्लोअर

आमच्याकडे कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनांच्या विभागात, मास्क आणि कानात प्लग दोन्ही असतं. नवीन पोरांना वाटतं प्लग घातला की ऐकूच येणार नाही, पण खूप मोठ्या आवाजात प्लगने गोंगाट आणि बोलणं दोन्ही सारखंच खाली येतं आणि कान इतका भरून जात नाही, म्हणून ज्याचे कान चांगले आहेत त्याला बोलणं कळतं, कधी कधी जास्त बरं कळतं. अडचण वेगळीच होते, प्लग घातलेल्याला स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि बाहेरचा गोंगाट कमी वाटतो, त्यामुळे तो हळू बोलायला लागतो आणि ते त्याला कळत नाही. तुमच्या दवाखान्यात एवढा आवाज नसणार त्यामुळे प्लगच्या भानगडीत पडू नका.

आमचा उपाय एकच, ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणायचं. "तीन नंबर बंद कर", "तीन नंबर बंद करतोय". "काय?" असं कुणी विचारत नाही, कारण "काय?" विचारलं की समोरचा सगळं वाक्य परत फेकतो. जेवढं कळलं तेवढं म्हणायचं, चुकलं असेल तर तो तेवढंच दुरुस्त करतो. आणि हाताच्या खुणा ठरलेल्या. कुणाला राग येत नाही, कारण तो कामाचाच भाग आहे.

जुनी_असिस्टंट

मी याच कामात बरीच वर्षं आहे म्हणून तुमच्या खुर्चीवरच्याच चार गोष्टी सांगते, वरच्या सगळ्यांचं वाचून मला आता कळतंय की आम्ही हे का करत होतो.

पहिली, सरांना सांगा पाय उचलून मग बोला. एअरोटर त्यांच्याच पायाखाली आहे, पेडल सोडलं की शीळ थांबते, आणि तुम्ही तेवढ्यात सक्शनचं टोक तोंडाबाहेर काढून बंद करा. एका श्वासाचं काम आहे. चालू मशीनवर नंबर सांगायचाच नाही असं ठरवून टाका.

दुसरी, दाताचा नंबर. आकडे सुटे सुटे म्हणायचे हे तर आहेच, टू सिक्स, ट्वेंटी सिक्स नाही, दोन आकडी पद्धतीत पहिला आकडा तोंडाच्या बाजूचा आणि दुसरा दाताचा, म्हणून ती तशीच वाचायची असते. पण टू आणि थ्री, मास्कमधून दोन्ही सारखेच फुसकन येतात. आम्ही पहिल्या आकड्याच्या जागी बाजू म्हणतो. टू सिक्स म्हणजे "वर डावा सहा", थ्री सिक्स म्हणजे "खाली डावा सहा". वर आणि खाली एकमेकांत कधीच मिसळत नाहीत, स्वरसुद्धा वेगळे, अक्षरंसुद्धा वेगळी. डावा-उजवा पेशंटचा, हे एकदा दोघांनी पक्कं करून घ्या. आणि कार्डावर लिहिताना तुम्ही "वर डावा सहा, टू सिक्स" असं मोठ्याने म्हणा, सर मान हलवतील.

तिसरी, फाइल. नंबर मागू नका म्हणावं सरांना, रंग मागा. पंधरा पांढरी, वीस पिवळी, पंचवीस लाल, तीस निळी, पस्तीस हिरवी, चाळीस काळी. लाल आणि निळी, हिरवी आणि काळी, कुठल्याही आवाजात वेगळी कळतात. चौथी म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच आज काय काय लागणार ते विचारून ट्रे लावून ठेवा, मग मधे बोलायची वेळच कमी येते.

खुर्चीशेजारी

ताई हे तर सोनंच दिलंत. सरांना काल दाखवलं सगळं, पाय उचलून बोलायचं त्यांना लगेच पटलं, म्हणाले माझंही तुझ्यावर ओरडणं कमी होईल. बाजूंचं पण चालू केलंय. फक्त फाइलच्या रंगात एक अडलं, ४५ पण पांढरीच असते ना आणि ५० पण पिवळी? मग पंधराच्या जागी पंचेचाळीस हातात गेली तर?

जुनी_असिस्टंट

बरोबर पकडलंत, चाळीसनंतर रंग परत पहिल्यापासून येतात. म्हणून पुढच्या फाइल आम्ही वेगळ्या स्टँडमध्ये ठेवतो आणि सर त्यांना "मोठी पांढरी", "मोठी पिवळी" म्हणतात. तुमचं फिफ्टीन-फिफ्टीचं भांडणही त्यातच सुटतं बघा, पंधरा पांढरी आहे आणि पन्नास मोठी पिवळी. देताना तुम्ही रंग आणि नंबर दोन्ही म्हणा आणि सरांना मुठीवरचा नंबर एकदा बघून घेऊ दे, तो तिथे छापलेला असतोच.